शून्याच्या बटणावरचा आळ

मित्रांनो, माझ्या अंगावर एकशे चार बटणे आहेत आणि त्यांपैकी एकशे तीन बटणांबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. एकावर मात्र आळ आला. ते बटण वरच्या ओळीतल्या शून्याचे. दाबले की ते अडकून बसते, असे एका मोठ्या रुग्णालयातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ठरवले आणि त्यापायी मला उलटे करून झटकले, फुंकले, उघडले, साबणाच्या पाण्यात बुडवले आणि शेवटी एका फळीवर नेऊन ठेवले. मी पडलो साधा कीबोर्ड. मला तोंड नाही. जे काही बोलायचे ते दुसऱ्याच्या बोटांनी बोलायचे, अशीच माझी घडण आहे. म्हणून माझी बाजू मांडायला इतका उशीर झाला.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे, पण त्याचे मला वाईट वाटत नाही, वय कुणाला चुकले आहे? माझ्या प्रत्येक बटणाखाली रबराची एक बारीक टोपी असते. बोट खाली आले की ती दबते आणि बोट उठले की बटणाला वर ढकलते. रांगेच्या शेवटी निळा डगला घातलेली एक तपासनीस बसायची. ती आमचे एकेक बटण दाबून पाहायची. शेजारणीशी बोलण्याच्या नादात तिने माझे शून्य दोनदा दाबले. दोन्ही वेळा ते टुणकन वर आले आणि माझ्या पाठीवर पसंतीचा शिक्का बसला.

तिथून मी आलो तो थेट रुग्णालयात. पहिल्या मजल्यावर एक्स-रेच्या खोल्या संपल्या की उजव्या हाताला टायपिंगची खोली होती. दोन टेबले, एक लोखंडी कपाट, पाकिटांचे गठ्ठे, आणि खिडकीखाली रुग्णवाहिका उभ्या राहायच्या ते आवार. दाराबाहेर एक लांब बाकडे होते. सोनोग्राफी करता करता डॉक्टर एका छोट्या यंत्रात बोलून ठेवायचे. ते बोलणे कानाला लावून बाई टाइप करायच्या, कागद छापून निघायचा, त्यावर डॉक्टरांची सही व्हायची आणि बाकड्यावरचा माणूस पाकीट घेऊन जिना उतरायचा. पाकिटात काय लिहिले आहे हे त्याला बहुधा कळत नसे, पण ते तो दोन्ही हातांनी धरायचा.

बाईंना सारे रुग्णालय तोंडावर ‘बाई’ म्हणायचे आणि मागे ‘बिनचूकबाई’. त्याचे कारण भिंतीवर होते. त्या खोलीची एक रीत होती. चूक सापडून परत आलेला रिपोर्ट टाकून द्यायचा नाही, ज्याने टाइप केला त्याच्या नावाच्या खिळ्यावर महिनाभर टोचून ठेवायचा. टेबले दोन म्हणून खिळेही दोन. शेजारच्या टेबलावर धाकटी बसायची. ती नोकरीला लागून चारच वर्षे झाली होती, आणि तिच्या खिळ्यावर कागदांचा बऱ्यापैकी जुडगा असायचा. बाईंचा खिळा बावीस वर्षे रिकामा होता. इतका रिकामा, की धाकटी त्यावर बिनदिक्कत आपली पर्स लटकवायची.

बाईंनी मला किती जपले म्हणून सांगू! माझ्या हातभर अंतरात कुणी चहाचा कप ठेवला, तर त्या काही बोलायच्या नाहीत, नुसते कपाकडे पाहायच्या. कप आपोआप उचलला जायचा. दर शनिवारी दुपारी त्या मला पालथा घालून पाठीवर थोपटायच्या आणि दाढीच्या जुन्या ब्रशाने बटणांच्या फटी झाडायच्या. माझी अक्षरे हळूहळू पुसली गेली. ‘ए’ कुठला आणि ‘एल’ कुठला हे नवख्या माणसाला माझ्याकडे पाहून सांगता आले नसते, पण बाईंनी मला कधी पाहून दाबलेच नाही. टेबलावरचा संगणक तीनदा बदलला. दर वेळी नवा कीबोर्ड खोक्यातून यायचा आणि बाई तो तसाच परत पाठवायच्या. माझी शेपटी नव्या संगणकात बसेना, तेव्हा त्यांनी मधे एक जोडणी लावून घेतली, पण मला सोडले नाही. एकदा पाहुणे आले होते तेव्हा मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले होते, की आमची यंत्रे चुकतील, आम्ही चुकू, ही खोली चुकणार नाही. मी तेव्हा टेबलावरच होतो. थोडे श्रेय मीही घेतले.

मग तो दिवस आला. सुरुवात एका मूत्रपिंडातल्या खड्याने झाली. डॉक्टरांनी दहा मिलिमीटर सांगितले होते आणि कागदावर आले शंभर. मोठे डॉक्टर सही करता करता थांबले आणि हसत हसत स्वतः खोलीत आले. दहा सेंटिमीटरचा खडा म्हणजे किडनी म्हणायची की दगडाची खाण, असे काहीतरी ते बोलले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला, नीट पाहिला, आणि उठून आपल्या खिळ्यावर टोचला. त्याआधी धाकटीने आपली पर्स गुपचूप काढून घेतली होती.

चार दिवसांनी पुन्हा तसेच झाले. वीसचे दोनशे. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा एक शून्य जास्त. धाकटीने कपाळाला हात लावला आणि निकाल देऊन टाकला, “ताई, तुमच्याकडून असं होणं शक्य आहे का? बटण अडकतंय ते. दाबलेलं वर येत नाहीये.”

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या.  त्यांचे खांदे किंचित सैल झाले, ते मला दिसले.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ अशी एक म्हण आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती खोलीभर फिरली असती. बाईंना ती लावायचे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. बावीस वर्षे सरळ असलेला हात वाकडा कसा होईल? तेव्हा वाकडे असलेच तर अंगणच असणार. माझ्या माथी खापर फुटले ते असे, बाईंबद्दलच्या निव्वळ आदरापोटी.

आणि खरे सांगू का मित्रांनो, मीही तेच केले. मला जाणवत होते. बाईंची उजवी करंगळी शून्यावर यायची आणि उठायला वेळ लावायची. फार नाही, डोळ्याची उघडझाप होते तेवढाच. पण बटण जरा जास्त वेळ दाबलेले राहिले, की संगणकाला वाटते, या माणसाला हे अक्षर पुन्हा हवे आहे, आणि तो ते पुन्हा उमटवतो. मला हे सगळे ठाऊक होते. तरी मी स्वतःला समजावले, की बोट वेळेवर उठले असेल, माझेच रबर म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखे आळसावले असेल. त्या बोटावर अविश्वास दाखवण्यापेक्षा स्वतःवर दाखवणे मला सोपे वाटले.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. पहिला उपचार धाकटीने केला. तिने मला पालथा घालून असा झटकला, की माझ्या बटणांचे दात वाजले. आतून पेन्सिलीची एक चिमूटभर साल पडली, बाकी काही नाही. मग तिने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मग माझी शेपटी एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. संध्याकाळपर्यंत सगळे ठीक चालले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीसचे तीनशे झाले.

तेव्हा तळमजल्यावरून फुंकरकाकांना बोलावले. हे रुग्णालयातले जुने मेकॅनिक. वजनकाटा असो, पंखा असो की लाखमोलाचे यंत्र, ते आधी त्यावर एक फुंकर मारायचे, म्हणून हे नाव. निम्मी यंत्रे फुंकरीनेच बरी होतात असे ते छातीठोकपणे सांगायचे. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतले, डोळे बारीक केले आणि शून्यावर फुंकर मारली. गुण आला नाही. मग त्यांनी चपट्या पेचकसाने शून्याचे बटण अलगद उचकटून काढले, खालची टोपी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, बटण पुन्हा बसवले. तो दिवस बरा गेला. पुढच्या दिवशी डॉक्टरांनी सही न करता आणखी एक कागद परत पाठवला आणि काका मला काखोटीला मारून खाली घेऊन गेले.

त्यांच्या कार्यशाळेत बिघडलेल्या वस्तूंच्या फळ्या होत्या. तिथे माझे सगळे स्क्रू निघाले. बटणे साबणाच्या पाण्यात गेली, आतला पातळ पडदा मऊ फडक्याने पुसला गेला, आणि दोन दिवस वाळवून काकांनी मला पुन्हा जोडले. मग त्यांनी आपल्या संगणकावर कोरे पान उघडले आणि शून्य शंभर वेळा दाबले. मोजले, तर शंभर शून्ये. पुन्हा शंभर वेळा दाबले, पुन्हा शंभर. शेवटी त्यांनी शून्यावर एक जडसा नट ठेवला. नट होता तोवर पानावर शून्यांची मुंग्यांसारखी रांग लागली. नट उचलताक्षणी रांग थांबली. काका खुर्चीत मागे टेकले.

“तुला काही झालेलं नाही रे,” ते मला म्हणाले.

मला किती आनंद झाला असेल, याची कल्पना करा. पण तो फार टिकला नाही. मी खाली असताना त्यांनी बाईंना नवा कोरा कीबोर्ड दिला होता, आणि धाकटी जिना उतरून सांगत आली, की त्याचेही शून्य अडकते. काकांनी दुसरा दिला. तीन दिवसांनी त्याचीही तीच तक्रार. हा सगळा मालच खराब आलाय, धाकटी तावातावाने म्हणाली. काकांनी तिला सहज विचारल्यासारखे विचारले, की फक्त शून्यच का? ती म्हणाली, कधीकधी ‘पी’सुद्धा दोनदा येतो, आणि शून्याशेजारचे आडव्या रेघेचे बटणही. पण अक्षर जास्त झाले की संगणक खाली लाल रेघ मारतो, ताई लगेच दुरुस्त करतात. आकड्याखाली लाल रेघ येत नाही ना, म्हणून शून्य तेवढे निसटते.

ती गेल्यावर काकांनी आपला उजवा हात माझ्यावर ठेवला. टायपिंग त्यांना येत नव्हते, पण बोटे कशी ठेवतात हे त्यांनी पाहिले होते. करंगळी जिथे जिथे पोहोचते ती बटणे त्यांनी एकेक करून दाबली. शून्य. ‘पी’. रेघ. 

त्याच आठवड्यात बाईंनी एक दिवस रजा घेतली. धाकटीने दिवसभर बाईंच्या टेबलावर, बाईंच्याच संगणकावर, त्याच ‘खराब’ कीबोर्डवर चाळीस रिपोर्ट टाइप केले. एकही शून्य जास्त आले नाही. तिने ते काकांना येऊन सांगितले, पण तिला त्यातून काही सुचले नाही. सगळ्यांची नजर बटणावर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातलाच प्रकार. काकांना मात्र कळून चुकले होते.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? काकांनी ती बांधली नाही. त्यांनी काय करावे? त्यांनी तिसरा नवा कीबोर्ड काढला, त्यावर फुंकर मारली आणि वर नेऊन दिला. बाईंना म्हणाले, हा जरा चांगल्या जातीचा आहे. मला मात्र त्यांनी फळीवर ठेवले आणि वर एक फडके टाकले. “तू सुटलास,” ते पुटपुटले, “पण वर जाऊन सांगू कसं?” चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी त्या फडक्याखाली पडल्या पडल्या पुष्कळ वेळा आठवली. आणि तरी माझा जीव माझ्यापेक्षा त्या करंगळीसाठीच तुटत होता. तिला काहीतरी झाले होते, आणि ज्या घरात प्रत्येक दारावर डॉक्टरची पाटी आहे, तिथे ते कुणीच पाहत नव्हते. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

पुढचे मला धाकटीकडून कळले. एके दिवशी दुपारी ती खाली आली ती रडवेली होऊन. मोठे डॉक्टर परगावी गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी गठ्ठ्यातले कागद भराभर सह्या करून पुढे पाठवले होते. त्यात एका तरुण ट्रकचालकाचा रिपोर्ट होता. यकृतावर दहा मिलिमीटरची गाठ, औषधसुद्धा लागू नये अशी. कागदावर ती शंभर झाली. वरच्या मजल्यावर धावपळ उडाली. त्याला भरती करून घेतले, ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवले, पाणीसुद्धा दिले नाही. त्याचा म्हातारा बाप बाकड्यावर बसून कुणाकुणाला फोन लावत होता, आणि काय सांगावे ते न सुचून बंद करत होता. दुपारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला लावली, तेव्हा उलगडा झाला.

काकांच्या हातातला पेचकस टेबलावर पडला. 

तासाभराने बाई स्वतः खाली आल्या. बावीस वर्षांत त्या कधी कार्यशाळेत आल्या नव्हत्या. त्यांनी फळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरचे फडके काढले, मला उचलून टेबलावर ठेवले आणि काकांना म्हणाल्या, “लावा हा.”

काकांनी माझी शेपटी जोडली. सवयीने ते वाकले आणि त्यांनी गाल फुगवले.

“फुंकर नका मारू, काका. मला खरं सांगा. बटण अडकतंय का?”

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. “नाही, बाई. एकदासुद्धा नाही अडकलं.”

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि तुम्ही मला कीबोर्ड देत राहिलात.”

“तुम्हाला काय सांगणार, बाई?” काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “बावीस वर्षं तुमचा एक कागद परत आला नाही. तुमचा हात चुकतोय हे मी, फुंकर मारणाऱ्यानं, सांगायचं? जीभ रेटेना माझी.”

मला वाटले, बाई रागावतील. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी उजवी करंगळी डाव्या हाताने चोळली.

“चार महिने झाले,” त्या म्हणाल्या. “बधिर असते ही. सकाळी गरम कपाला लागली तरी कळत नाही. धाकटी म्हणाली ना, बटण अडकतंय, तेव्हा मला बरं वाटलं, काका. इतकं बरं वाटलं की मी विचारच केला नाही. मला विचार करायचाच नव्हता.” मग थांबून म्हणाल्या, “आत्ता त्या मुलाला भेटून आले. त्याच्या वडिलांसमोर. माफी मागायला गेले, तर तोच मला म्हणतो, मशीन आहे ताई, बिघडायचंच, तुमची काय चूक. आणि मी हो म्हणाले. काका, मी चक्क मान डोलावली.”

त्यांनी करंगळी माझ्या शून्यावर ठेवली आणि दाबली. पडद्यावर तीन शून्ये उमटली. तिघांनीही ती पाहिली, बाईंनी, काकांनी आणि मी. मग बाई उठल्या, त्या ट्रकचालकाच्या खोलीत पुन्हा गेल्या आणि मशीन बिघडलेले नव्हते, हे त्याला आणि त्याच्या बापाला सांगून आल्या. बापाने त्यांना बरेच सुनावले म्हणे. बाईंनी ते सगळे उभ्याने ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर परत आले. त्यांनी बाईंना करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या चिमटीत एक कागद घट्ट धरायला सांगितले आणि तो ओढला. डाव्या हातातून तो फाटून निघाला. उजव्या हातातून लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. कोपराजवळची शीर दबली होती. बाईंच्या टेबलाची कड उघडी, धारदार होती आणि बोलण्याचे यंत्र समोर ठेवता यावे म्हणून मी जरा आत सरकवलेला असायचो. त्यामुळे बाईंचे कोपर दिवसाचे आठ तास त्या कडेवर टेकलेले असायचे. हे ऐकले तेव्हा माझी निर्दोष सुटल्याची सगळी ऐट उतरली. माझे बटण अडकले नव्हते हे खरे. पण मी जिथे पडलो होतो, तिथे पडून राहण्याची किंमत बाईंच्या कोपराने मोजली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

डॉक्टरांनी एक छोटी शस्त्रक्रिया सांगितली. तीही झाली. मात्र त्यांनी स्पष्टच सांगितले, की बाई चार महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर नुसत्या विश्रांतीने भागले असते. आता किती संवेदना परत येईल हे काळच ठरवेल. कदाचित पूर्ण येणारही नाही.

आता टाइप धाकटी करते. टेबलांच्या कडांना जाड स्पंज लावला आहे. बाई शेजारी बसून प्रत्येक कागद वाचतात आणि त्यातला प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणतात. धाकटी सुरुवातीला कंटाळायची, आता तिलाही सवय झाली आहे. माझी जागा मात्र काकांच्या कार्यशाळेतच आहे. बाईंना बोटांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी धाकटीला देऊन टाकला आणि मला निवडले. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या खाली येतात आणि उजव्या करंगळीने शून्य पन्नास वेळा दाबतात. बोट वेळेवर उठले तर एक शून्य, रेंगाळले तर दोन किंवा तीन. माझ्याइतका प्रामाणिक साक्षीदार त्यांना दुसरा कुठे मिळणार?

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखायला ब्रश आणि स्पिरिटचा बोळा पुरतो. आम्हाला जरूर झाडा, जरूर पुसा, आमच्याजवळ चहा ठेवू नका. पण एखादे बटण अडकते आहे असे वाटले, तर बटणाकडे पाहून झाल्यावर एकदा बोटाकडेही पाहा. आणि ते बोट तुम्हांला फार आदर असलेल्या माणसाचे असेल, तर तीन आठवडे गप्प बसू नका. त्या दिवशी ते माणूस तुमच्यावर नाराज होईल. होऊ द्या.

काकांनी हा धडा आता चांगलाच गिरवला आहे, म्हणजे तसे त्यांना वाटते. काल दुपारी बाईंचे पन्नास झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून मोजले.

“पन्नासावर नऊ जास्त आली, बाई,” ते म्हणाले. “परवा चौदा होती.”

बाई पुढे वाकल्या. एकेक शून्य त्यांनी स्वतः मोजले, अगदी शेवटपर्यंत.

“दहा,” त्या म्हणाल्या. “एक तुम्ही सोडलंत.”

काकांनी चष्मा काढून उगाच पुसला. बाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आले. त्यांनी पान पुसून कोरे केले आणि करंगळी पुन्हा शून्यावर ठेवली.